चालती गाडी बंद पडते, मग सुरूच होत नाही: इग्निशनचा दोष कसा शोधायचा

गाडी नीट चालत असते आणि एकाएकी इंजिन गप्प होतं. सेल्फ मारला तर तो दणकून फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी काही झालंच नव्हतं अशा थाटात पहिल्या सेल्फला सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की तिथे कुरकूरही करत नाही. मग अंदाजपंचे काम सुरू होतं. आधी प्लग बदलतात, मग प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी कॉइल, मग पेट्रोल पंप. गाडी पुन्हा बंद पडते ती पडतेच.

या तक्रारीत पार्ट बदलून दोष शोधणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे. दोष हजर असतो ती दहा-पंधरा मिनिटं सोन्यासारखी असतात. त्या वेळात काय गायब झालंय हे तपासलं, तर निम्मं काम तिथेच संपतं. काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने, ते पुढे दिलंय. हे सगळं पेट्रोल इंजिनसाठी आहे, गॅसवर चालणाऱ्या पेट्रोल गाडीलाही लागू पडेल. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्याची गोष्ट वेगळी.

हाताशी एक डिजिटल मल्टिमीटर, एक साधा टेस्ट लॅम्प, एक एलईडी टेस्ट लॅम्प, एक स्पार्क टेस्टर आणि जमलं तर गाडीतले दोषांचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर ठेवा. त्या गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर अर्धी लढाई जिंकलीच.

बंद पडली कशी?

बॉनेट उघडण्याआधी हा प्रश्न विचारा. गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर त्याला खोदून खोदून विचारा.

किल्ली बंद केल्यावर जसं इंजिन थांबतं तसं एका क्षणात बंद झालं असेल, तर आधी विजेकडे संशय घ्यायचा. ठिणगी तुटली की इंजिन विचार करत बसत नाही. उलट आधी झटके आले, पिकअप गेला, ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना आणि मग बंद पडली, तर पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता जास्त. पंप थांबला तरी लाइनमध्ये उरलेलं पेट्रोल इंजिनला काही क्षण धडपडू देतं. हा काही अचूक कायदा नाही. पंपाचा रिले (विजेने चालणारा स्विच) तडकाफडकी तुटला तर फरक पुसट होतो. पण सुरुवातीची दिशा यातून बरोबर मिळते.

बंद पडताना रेव्ह काउंटरचा काटा काय करत होता, हेही आठवून बघा. गाडी गिअरमध्ये पळत असताना इंजिन मेलं तरी चाकं त्याला फिरवत असतात, म्हणजे काटा हळूहळू खाली यायला हवा. गाडी वेगात असतानाच काटा धाडकन शून्यावर पडला असेल, तर काट्याला इंजिनचा वेग कळवणारी साखळीच तुटली. ती बहुतेक गाड्यांत इंजिनचं फिरणं टिपणाऱ्या क्रँक सेन्सरपासून सुरू होते.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर किल्ली काढायची नाही. काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. स्टिअरिंग जड होईल, पण फिरेल. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. तो ब्रेक पंप करून संपवायचा नाही, एकदाच दाबून धरायचा आणि गाडी कडेला घ्यायची.

सेल्फ मारताना कान आणि डोळे उघडे

गाडी न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. मध्ये मिनिटभर थांबायचं. नाहीतर स्टार्टर तापतो, आणि न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साचतं ते वेगळंच.

किल्ली फक्त ऑन करा आणि कान द्या. मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते. ती आली तर पंप आणि त्याचा रिले निदान जागे आहेत. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो का बघा. किल्ली ऑन करूनही तो लागतच नसेल, तर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकालाच, करंट मिळत नसण्याची शक्यता मोठी. मग कॉइलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आधी ईसीयूचा फ्यूज, मेन रिले आणि अर्थ (गाडीच्या बॉडीला जाणारी निगेटिव्ह जोडणी) बघायचे. किल्लीचं किंवा कुलुपाचं चित्र असलेला इमोबिलायझरचा दिवा फडफडत असेल, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. गाडी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत मरते आणि दर वेळी तसंच होतं, हीसुद्धा अनेक गाड्यांत इमोबिलायझरचीच खूण. दुसरी किल्ली लावून बघा.

आता सेल्फ मारा. काटा शंभर-दोनशेच्या आसपास हलतो का? अनेक गाड्यांत हलतो, काहींत मुळातच हलत नाही. म्हणून स्कॅनर असेल तर लाइव्ह डेटामधला आरपीएम बघा. सेल्फ मारताना तिथे साधारण १५० ते २५० दिसायला हवेत. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, म्हणजे क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर हा पहिला संशयित.

सेल्फचा आवाजही ऐका. नेहमीपेक्षा भरभर, काही अडकत नसल्यासारखं इंजिन फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. तिथे लगेच थांबा. अनेक इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.

सेल्फ नुसता टकटक करत असेल किंवा मरगळल्यासारखा फिरत असेल, तर इग्निशनचा, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेचा, विचार करण्याआधी बॅटरी बघा. विसावलेली पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरत असेल तर सेल्फ फिरेल, पण ईसीयू आणि कॉइल उपाशी राहतील. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट यायला हवेत. आकडा १२ च्या आत घसरत चालला असेल, तर गाडी बंद पडण्याचं कारण अल्टरनेटर आहे आणि या लेखातलं पुढचं काही करायची गरज नाही.

ठिणगी आहे की नाही?

ही एक तपासणी नीट केली तर बाकीचा रस्ता आपोआप दिसतो. दुर्दैवाने ती सगळ्यात गबाळेपणाने केली जाते. केबल काढून बॉडीजवळ धरायची आणि टक्क आवाज आला की ‘करंट आहे’ म्हणायचं, हे आजच्या गाड्यांत करू नका. कॉइलचं व्होल्टेज वीस ते चाळीस हजारांत असतं. ते हाताला झटका देतंच, शिवाय ठिणगीला अर्थचा रस्ता मिळाला नाही तर कॉइल किंवा ईसीयूचा ड्रायव्हर फोडून बाहेर पडतं.

योग्य पद्धत अशी. आधी पेट्रोल बंद करा, म्हणजे पंपाचा फ्यूज काढा किंवा इंजिनमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचे कनेक्टर सोडा. कॉइलला किंवा प्लग केबलला स्पार्क टेस्टर जोडा आणि त्याचा क्लिप इंजिनच्या कोऱ्या धातूला पक्का लावा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर पांढरी, कडकडीत ठिणगी नियमित यायला हवी. उघड्या हवेत साध्या प्लगवर आलेली ठिणगी फसवते, कारण सिलिंडरमध्ये दाबाखाली उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. मोठ्या गॅपचा टेस्टर वापरायचा तो यासाठीच.

टेस्टर लावायच्या आधी एक प्लग काढून त्याचं तोंडही बघून घ्या. पेट्रोलने ओला आणि वास मारणारा असेल तर पेट्रोल येतंय, जळत नाहीये. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. ओले प्लग पुसून वाळवा. इंजिन ओव्हर झालं असेल, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल भरलं असेल, तर बहुतेक इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि सिलिंडर मोकळे होतात.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. किती सिलिंडरची ठिणगी गेली ते मोजा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या चार सिलिंडरच्या गाडीत एक कॉइल गेली तर इंजिन तीन सिलिंडरवर थरथरत चालतं, बंद पडत नाही. चारही कॉइल एकाच क्षणी मरतील हे जवळजवळ अशक्य. चारही ठिणग्या गेल्या असतील तर चौघांमध्ये सामाईक काय आहे ते शोधायचं. कॉइलना करंट देणारा फ्यूज आणि रिले, त्यांचा अर्थ, क्रँक सेन्सर, ईसीयू, इग्निशन स्विच, बस्स. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या (एकाच कॉइलची ठिणगी सगळ्या प्लगना वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत मात्र कॉइल एकच असते, म्हणून तीही सामाईक ठरते, आणि तिच्याबरोबर डिस्ट्रिब्युटरचे रोटर आणि कॅप, आणि कॉइल चालू-बंद करणारं इग्निशन मॉड्यूलही.

पुढचा फाटा इंजेक्टरचा. इंजेक्टरच्या कनेक्टरवर नॉइड लाइट (इंजेक्टरला इशारा मिळतोय का ते दाखवणारा छोटा दिवा) लावा आणि सेल्फ मारा. ठिणगीही नाही आणि इंजेक्टरचा दिवाही फडफडत नाही, तर दोघांचा मालक गप्प आहे. क्रँक सेन्सर, ईसीयूचा पुरवठा किंवा इमोबिलायझर बघा. इंजेक्टरचा दिवा फडफडतोय पण ठिणगी नाही, तर दोष कॉइलच्या बाजूला आहे. दोन्ही व्यवस्थित आहेत तर पेट्रोलचं प्रेशर, कॉम्प्रेशन आणि टायमिंगकडे वळा. इग्निशनला उगाच छळू नका.

कॉइलपर्यंत काय पोचतंय

कॉइलला दोन गोष्टी लागतात, एक पॉझिटिव्ह (यालाच फीड म्हणतात) आणि एक ठिणगी कधी टाकायची ते सांगणारा इशारा. आधी पॉझिटिव्ह बघा. किल्ली ऑन करून कॉइलच्या फीड वायरवर साधा टेस्ट लॅम्प लावा. मुद्दाम बल्बवाला. मल्टिमीटर करंट जवळपास ओढतच नाही, म्हणून शंभरातली एक तार शिल्लक असलेली वायरही त्यावर १२ व्होल्ट दाखवते.

एका गाडीत नेमकं हेच होतं. फ्यूज शाबूत, कॉइलचा कनेक्टर काढून मोजलं तर १२.४ व्होल्ट. कनेक्टर जोडून, पाठीमागून पिन घालून, सेल्फ मारताना मोजलं तर सात. फ्यूज बॉक्स उलटा केल्यावर खालच्या प्लगमधली एक पिन इतरांपेक्षा काळपट तपकिरी दिसली, तिच्याभोवतीचं प्लास्टिक किंचित सुरकुतलेलं. पिनची पकड सैल होऊन तिथे उष्णता तयार होत होती. गरम झाली की संपर्क अजून बिघडायचा, थंड झाली की पुन्हा जमायचा. तोवर त्या गाडीच्या कॉइल बदलून झाल्या होत्या.

थोडक्यात, व्होल्टेज मोजायचं ते काम चालू असताना. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत गळणारं व्होल्टेज, बघायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. कॉइलच्या अर्थ पिनवर ०.१ च्या वर जाऊ नये.

एक चकवा लक्षात ठेवा. काही गाड्यांत कॉइलची पॉझिटिव्ह किल्ली ऑन केल्यावर फक्त दोन सेकंद येते. पुढे टिकते ती ईसीयूला इंजिन फिरत असल्याची खबर मिळाली तरच. म्हणजे मेलेला क्रँक सेन्सर तिथे ‘कॉइलला करंट नाही’ अशा रूपात दिसतो. फीड नाही म्हणून लगेच वायर उकलायला बसू नका. डायग्राममध्ये त्या रिलेला कोण चालवतं ते बघा.

इशारा तपासताना कॉइलचा प्रकार बघा. दोन वायरच्या साध्या कॉइलला टेस्ट लॅम्पचा क्लिप बॅटरी पॉझिटिव्हला आणि टोक कॉइलच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारा. दिवा लुकलुकायला हवा. तीन किंवा चार वायरच्या कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारं सर्किट) आतच असतो आणि इशारा साधारण पाच व्होल्टचा, नाजूक. तिथे बल्बचा लॅम्प लावायचा नाही. एलईडी लॅम्प, नाहीतर मीटरची फ्रिक्वेन्सी रेंज वापरा.

फीड आहे, इशारा आहे, ठिणगी नाही, तर कॉइल दोषी. साध्या कॉइलची प्रायमरी (१२ व्होल्टच्या बाजूची गुंडाळी) बहुधा अर्धा ते दोन ओहम, सेकंडरी (ठिणगीच्या बाजूची) काही हजार ओहम असते. नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. इग्नायटरवाल्या कॉइलवर ओहममीटर लावून काही कळत नाही. पी ०३५१ ते पी ०३५४ हे कोड एकेका कॉइलच्या प्रायमरी सर्किटबद्दल असतात. पी ०३०० मालिकेतले कोड मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) सांगतात, कारण सांगत नाहीत. चारही कॉइलचे कोड एकदम आले तर वर म्हटलं तेच, सामाईक फीड बघा.

डिस्ट्रिब्युटर असेल तर कॅप काढून आतून उजेडात फिरवून बघा. पेन्सिलीने काढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी प्लगऐवजी त्या रेघेवरून पळतेय. अशा कॅप दमट हवेत हटकून त्रास देतात. इग्निशन मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर बसवलेलं असेल तर ते इंजिनच्या उष्णतेत भाजतं. नवीन बसवताना खाली थर्मल पेस्ट लावायलाच हवी.

क्रँक सेन्सर

‘गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू’ या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो हा. इंजिन चालू असताना कूलंट फिरत असतं. इंजिन बंद झालं की ते थांबतं आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. म्हणून अशी गाडी बंद पडल्यावर लगेच सुरू होत नाही, आणि कधी कधी चालताना ठीक असूनही पाच मिनिटं थांबवून पुन्हा सुरू करायला गेलं की हट्ट धरते. सेन्सरच्या आतली केसाएवढी तार तापून प्रसरण पावली की तुटक होते, आणि थंड झाली की पुन्हा जुळते.

पी ०३३५ कोड आला तर सोपं. पण अनेकदा कोड येतच नाही, कारण सिग्नल नसला तर इंजिन थांबलंय असंच ईसीयूला वाटतं.

दोन वायरचा सेन्सर बहुधा इंडक्टिव्ह, म्हणजे चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा, असतो. त्याचा रेझिस्टन्स साधारण पाचशे ते दीड हजार ओहममध्ये मिळतो आणि सेल्फ मारताना एसी रेंजवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जास्त दिसतं. थंड असताना मोजून ‘ठीक आहे’ म्हणणं निरुपयोगी. दोष हजर असतानाच मोजा, नाहीतर हेअर ड्रायरने तापवून. तापवताना ओहम एकदम अनंतावर गेले की चोर सापडला. तीन वायरचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला. त्याला ओहममीटर लावायचा नाही. पाच किंवा बारा व्होल्टचा पुरवठा, अर्थ, आणि इंजिन हाताने हळू फिरवल्यावर सिग्नल वायरवर शून्य आणि पुरवठ्याच्या आसपास असा आलटून पालटून बदल, एवढं बघा.

सेन्सर काढल्यावर त्याच्या टोकाला लोखंडी कीस चिकटलाय का, त्याच्यासमोर फिरणारी दात्यांची रिंग वाकलीय का, हे बघितल्याशिवाय नवीन बसवू नका. सेन्सरची वायर एक्झॉस्टजवळून जात असेल तर तिचं आवरण भाजलंय का तेही बघा.

इग्निशन स्विच

किल्ली फिरवतो त्या कुलुपामागे तांब्याच्या संपर्कांचा एक छोटा डबा असतो. सेल्फचा संपर्क वेगळा, चालू स्थितीचा वेगळा. सेल्फ मारत असताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडल्याक्षणी मरतं, तर चालू स्थितीचा संपर्क गेलाय. जुन्या गाडीत हीच खूण कॉइलचा करंट मर्यादेत ठेवणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरची असते. खड्ड्यात आदळल्यावर गाडी बंद पडते आणि त्याच वेळी डॅशबोर्डचे दिवेही क्षणभर विझतात, तर स्विच किंवा बॅटरीचे टर्मिनल बघा. इंजिन आयडलवर ठेवून किल्ली ऑन स्थितीतच किंचित पुढेमागे, वरखाली हलवा. इंजिनने उचकी दिली तर आणखी पुरावा नको.

किल्लीला जड जुडगा लटकत असेल तर तो आजच काढा. स्विचची पकड कमकुवत असेल तर तेवढं वजन आणि एक धक्का किल्लीला मागे सरकवायला पुरतात. जनरल मोटर्सने २०१४ साली याच दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. तिथे स्विच सरकला की इंजिनबरोबर एअरबॅगही निकामी व्हायच्या. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यू त्या दोषाशी जोडलेले मान्य केले.

दोष समोर येतच नसेल तर

कधीतरीच बंद पडणाऱ्या गाडीसाठी माझा आवडता उपाय साधा आहे. दोन छोटे एलईडी दिवे रेझिस्टरसकट घ्या. प्रत्येकाला लांब वायर आणि एक अँपिअरचा फ्यूज लावा. एक कॉइलच्या फीडला जोडा, दुसरा पेट्रोल पंपाच्या फीडला. वायर फिरत्या पट्ट्यांपासून आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवून दिवे केबिनमध्ये आणा आणि शेजारच्या सीटवर कुणाला तरी बसवा. गाडी बंद पडेल तेव्हा कोणता दिवा आधी विझला, एवढं त्याने सांगायचं. दोन्ही विझले तर मेन रिले, स्विच किंवा क्रँक सेन्सर. एकच विझला तर त्याचीच वाट धरा. दोन्ही पेटलेले राहिले तर इशारा, कॉइल किंवा पेट्रोलचं प्रेशर.

गॅरेजमध्येच दोष बोलवायचा असेल तर इंजिन आयडलवर ठेवून वायरिंगचा एकेक भाग हलवा, रिलेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचक्या मारा, संशयित भाग ड्रायरने तापवा. रिलेच्या आतल्या सोल्डरला पडलेली गोल बारीक भेग तापल्यावरच उघडते. रिले उघडून भिंगातून बघितली की पिनभोवती काळी कडी दिसते. ईसीयूवर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी, त्याचे सगळे पुरवठे आणि अर्थ कामाच्या वेळी मोजून झाल्यावर.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा. क्रँक सेन्सर बदलला असेल तर काही गाड्यांत स्कॅनरने रिलर्न (ईसीयूला नव्या सेन्सरची ओळख करून देणं) करावं लागतं, ते मॅन्युअलमध्ये बघा. मग गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवा, बंद करा, पंधरा मिनिटं बॉनेट न उघडता उभी ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. आधी ज्या अवस्थेत ती सुरू होत नव्हती, त्याच अवस्थेत लागोपाठ काही वेळा सुरू झाल्याशिवाय काम संपलं असं समजून गाडी मालकाच्या हातात देऊ नका.